बारकीच्या भरावातली दानम्मा

पळसवाडीच्या लोकांनी त्या रेल्वेला कधी रेल्वे म्हटलं नाही. ‘बारकी’ म्हणायचे. लातूरकडून निघून औशाच्या अलीकडं माळामाळानं वळत जाणारा बारक्या रुळांचा हा फाटा नेमका कुणाच्या डोक्यातून निघाला, करडईसाठी घातला का कापसासाठी, यावर पारावर आजही दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतवाल्यांकडं पुरावा नाही. गाडी अशी की तिची शिट्टी म्हणजे गाडी सुटल्याची खूण नव्हतीच. आता आंघोळीला लागा, एवढाच तिचा अर्थ. माणूस आंघोळ करून, टोपी झटकून, दोन घास खाऊन निघायचा आणि तरी त्याला बारकी मिळायची. एकदा एका वरातीचा घोडा बारकीच्या पुढं धानोरीत पोचला होता. नवरदेव गाडीत होता, म्हणून लग्न खोळंबलं.

या बारकीचा पळसवाडीतला एकुलता एक अधिकारी म्हणजे संगप्पा कोरे. खरं तर तो वाणी. रुळालगत त्याचं किराणा दुकान होतं, आणि गावात स्टेशन नसून नुसता हॉल्ट असल्यामुळं पुठ्ठ्याची तिकिटं विकायचं काम रेल्वेनं त्याच्याकडं दिलं होतं. गुळाच्या ढेपेशेजारी तिकिटांचा डबा. त्यामुळं पळसवाडीच्या तिकिटाला लातूरपर्यंत मुंगळे लागायचे. रेल्वेनं त्याला कोट दिला नव्हता, तसा नियमही नव्हता. पण संगप्पानं लातुरात जाऊन स्वतःच्या खर्चानं काळा कोट शिवून आणला. गाडी यायच्या वेळी तागडी खाली ठेवायचा, कोट चढवायचा आणि फलाटावर जाऊन उभा राहायचा. गिऱ्हाईक साखरेसाठी ताटकळत बसायचं. गाव त्याला मास्तर म्हणू लागलं. पहिल्यांदा चेष्टेनं, मग सवयीनं. मारोती तेवढा कधी मास्तर म्हणाला नाही. रुळापलीकडं शेत असलेला हा त्याचा लहानपणापासूनचा मैतर त्याला आप्पाच म्हणायचा, आणि कोटाला ‘तुझी झूल’ म्हणायचा.

दानम्मा या बारकीनंच सासरी आली. माहेर धानोरी, याच फाट्यावर चार हॉल्ट पुढं, तावरजेच्या पलीकडं. नदीवर सडकेचा पूल नव्हता, बारकीचा होता. म्हणून बारकीच्या हिशेबानं धानोरी म्हणजे शेजारची आळी. त्या काळात या पट्ट्यातल्या सोयरिकी रुळाच्या कडेकडेनंच व्हायच्या. पोरगी द्यायची तर शिट्टी ऐकू येईल तिथं, असं बायकाच ठरवून टाकायच्या.

दानम्माची आई, जिला सगळे धानोरीची अव्वा म्हणायचे, सकाळच्या गाडीच्या गार्डाकडं एक फडकं द्यायची. लाल काठाचं, मऊ पडलेलं. त्यात धपाटे, शेंगाची चटणी, कधी पुरणाची पोळी. पळसवाडीचा फलाट इतका आखूड होता की इंजिन पाण्याच्या टाकीपाशी थांबलं, की शेवटचा गार्डाचा डबा फलाटाबाहेर, उघड्या भरावावर उभा राहायचा. दानम्मा भरावाखाली जाऊन हात वर करायची आणि गार्ड वाकून फडकं तिच्या हातात सोडायचा. संध्याकाळच्या परतीच्या गाडीनं ते फडकं माघारी जायचं. रिकामं कधीच नाही. आपल्याकडं शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करत नाहीत, हे तर आईचं फडकं. मूठभर हरभरे, चार लिंबं, दुकानातला गुळाचा खडा. काहीच नसलं तर परसातली झेंडूची फुलं. गार्ड बदलले, कोळशाचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं, अव्वाच्या हाताला कंप सुटला, पण फडक्याची ये-जा चालू राहिली. संगप्पा कोट घालून फलाटावर उभा असायचा आणि त्याची बायको फलाटाबाहेर. तिला तिकीट लागत नव्हतं, याचं त्याला थोडं वाईटच वाटायचं. सगळ्या हॉल्टवर त्याच्या अधिकाराबाहेरचं तेवढं एकच माणूस होतं.

मग मोठ्या रुळांचे दिवस आले. बारके रूळ कुणाला परवडेनात. फाटा बंद व्हायचा दिवस ठरला आणि पळसवाडीनं त्या दिवशी बारकीला हार घातले, नारळ फोडला, भजन केलं. सकाळची गाडी आली तेव्हा गार्डानं नेहमीसारखं फडकं दिलं. दानम्मानं दुपारभर खपून शेंगापोळ्या केल्या, फडक्यात बांधल्या आणि संध्याकाळी भरावाखाली जाऊन उभी राहिली. परतीची फेरी रद्द झाली होती. तसं संगप्पाला कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळं तोही कोट घालून फलाटावर उभा. अंधारून आलं तसं मारोती शेतातून आला आणि म्हणाला, “वैनी, पोळ्या कडक व्हायल्यात. आम्हीच खातो.”

पोळ्या मारोतीनं खाल्ल्या. फडकं तेवढं राहिलं.

बारकी बंद झाली आणि धानोरी एका रात्रीत परमुलखात गेली. आता एस्टीनं आधी औसा, तिथून दुसरी एस्टी, मग फाट्यावर उतरून पायी. दुसरी एस्टी येईलच असं ती स्वतःही कधी सांगत नसे. पुढच्या उन्हाळ्यात अव्वा गेली. सांगावा आला तशी दोघं निघाली, औशाच्या स्टँडवर दुपारभर बसून राहिली. पोचली तेव्हा लोक माती देऊन, पाय धुऊन, घराकडं परतत होते. दानम्मा रडली नाही. येताना एस्टीच्या खिडकीतून बघत एवढंच म्हणाली, की आपली गाडी असती तर मी अव्वाचं तोंड बघितलं असतं. संगप्पाला ते अंगावर आल्यासारखं झालं. जणू गाडी त्यानंच बंद केली होती. आपली गाडी, असं ती म्हणाली होती ना.

त्यानंतर काही वर्षांनी, एका श्रावणात, ताप डोक्यात जाऊन दानम्मा गेली. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, हसत हसत, भाजी निवडता निवडता, “अवो, मला गार्डाच्या डब्याजवळ ठेवा. कधी सुरू झाली गाडी तर मला आधी कळंल.”

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. पण त्या श्रावणात पाऊस असा लागला होता की स्मशानातल्या काळ्या मातीत खड्डा घेतला की पाण्यानं भरायचा आणि कडा आत ढासळायच्या. कोरडी, घट्ट जागा गावात एकच उरली होती, ती म्हणजे बारकीचा भराव. मुरमाचा. काही जण म्हणाले, सरकारी जागा हाय. संगप्पा म्हणाला, “सरकार कुठं पावसात बघायला यायलंय.” मारोतीनं टिकाव घेतला. गार्डाचा डबा जिथं थांबायचा तिथं भरावाच्या कुशीत दानम्माला बसवलं, तोंड धानोरीकडं करून. जंगम स्वामी दिशेवरून थोडे कुरकुरले. पण धानोरी योगायोगानं उत्तरेलाच निघाली, म्हणून निभावलं.

आता खूण काय करायची? ओटा बांधला तर नजरेत येईल आणि उद्या कुणीतरी पाडून टाकील. संगप्पा वाणी होता, डोकं चालवलं. जागेला लागूनच रेल्वेचा मैलाचा दगड होता, चुना लावलेला, आकडा कोरलेला. रेल्वेच्या जागेतला रेल्वेचा दगड उपटायची कुणाची छाती आहे? तोच दानम्माचा दगड. दर सोमवारी तो जायचा, दगडाला विभूती लावायचा, बेल आणि दोन फुलं ठेवायचा. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा रेल्वेची पूजा करतोय. लोकांना वेडं म्हणू देणं सोयीचं होतं.

पुढं एकदा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तो लातूरला पोराकडं, सोमेशकडं गेला. एक पट्टी सुटेपर्यंत दुसऱ्या डोळ्याचं निघालं, मुक्काम लांबला. परत आला तर भरावावर रूळ नव्हते. भंगारवाल्यांनी रूळ, सळया, खिळे, हॉल्टचं पत्र्याचं छप्परसुद्धा उचलून नेलं होतं. फलाटाचे घडीव दगड गावानंच रात्रीतून हलवले होते. संगप्पानं हातातली पिशवी तिथंच टाकली. तसाच धावत भरावावर गेला. दगड उभा होता, त्या बोडक्या भरावावर ओळखीची तेवढी एकच खूण. उलट कुणीतरी बुंध्याशी नीट माती चोपलेली दिसली. त्यानं दगडाला मिठी मारली आणि नव्या डोळ्यांनी पहिल्यांदा रडला. डॉक्टरनं रडू नका म्हणून सांगितलं होतं.

रूळ गेले तसा त्याला वेगळाच नाद लागला. गाडी परत आणायचा. निवडणूक आली की येणाऱ्या प्रत्येकाला तो कोट घालून भेटायचा. कोट आता खांद्यावर लोंबत होता. प्रत्येक जण म्हणायचा, मास्तर, पुढच्या साली तुम्हीच तिकिटं विकणार. कुणी फोटो काढायचं, कुणी चहा पाजायचं. मारोती म्हणायचा, “आप्पा, तुझी झूल बघून बैलसुद्धा मान वळवतंय, सरकार न्हाई वळवत.” संगप्पा ऐकून घ्यायचा. गाडी कशाला पाहिजे हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि मारोतीला सांगायची गरज नव्हती.

आणि गाडी आली की हो. म्हणजे मंजूर झाली. मोठ्या रुळांची, विजेची, सरळ रेषेत जाणारी. बातमी आली त्या दिवशी संगप्पानं दुकानात पेढे वाटले. चार दिवसांनी कळलं की नवी लाइन पळसवाडीला येतच नाही. धानोरीवरून जाते. पळसवाडीला यायचं म्हणजे वळण, आणि मोठ्या गाडीला वळण आवडत नाही. पळसवाडीनं फक्त एक द्यायचं होतं. मुरूम. नव्या लाइनीच्या भरावाला माती लागत होती आणि बारकीचा जुना भराव आयताच पडला होता. तो उकरून टिपरनं धानोरीला न्यायचं ठरलं.

कामावरची इंजिनियर ज्योत्स्ना नावाची मुलगी होती, उदगीरकडची. संगप्पा तिला भेटला, कोट न घालता. सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. म्हणाली, मामा, भराव थांबवणं माझ्या हातात नाही. पण काम त्या टोकानं सुरू करते, तुमच्या बाजूला अमावस्येपर्यंत मशीन आणत नाही. तेवढ्यात तुम्ही त्यांना हलवा.

हलवा म्हणायला सोपं होतं. स्वामी म्हणाले, मातीत एकदा बसवलेल्याला उठवू नये, तिथली मूठभर माती घ्या आणि शेतात ठेवा, शिवाला सगळं सारखंच. सोमेश लातूरहून आला. तोही तेच म्हणाला. त्याचं औषधांचं दुकान होतं आणि त्याला दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. संगप्पानं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मूठभर नको. मला ती पाहिजे.”

सोमवारी सकाळी उन्हाच्या आत दगडापाशी गेले. संगप्पा, सोमेश, मारोती, आणि टिकाव मारायला मारोतीचा सालगडी. नवा कोरा पांढरा कपडा आणला होता, बेल आणला होता. मारोतीच्या शेतात लिंबाखाली उंचावर खड्डा तयार होता. दगडाला नमस्कार करून खणायला सुरुवात केली. गुडघाभर खणलं, कमरेएवढं खणलं. मारोती कडेला बसून निघणारा मुरूम मुठीत घेऊन बघत होता. त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. मूळचा खड्डा त्याच्याच हातचा होता.

“आप्पा,” तो म्हणाला, “ही माती कोरी हाय. भराव घातला तवापास्नं हिला कुणी हात लावल्याला न्हाई.”

आणखी खणलं. डावीकडं, उजवीकडं. कोरी माती. संगप्पा खड्ड्यात उतरून हातानं चाचपू लागला तसं सोमेशनं त्याला वर ओढलं.

तेवढ्यात गावात रतीब घालणारी पंचफुला आली. रूळ काढायला भंगारवाल्यांची माणसं आली होती तेव्हा त्यांच्या पालांवर दूध घालणारी हीच. सगळे असे का बसलेत म्हणून तिनं विचारलं, खड्ड्यात डोकावली, मग दगडाकडं बघून सहज म्हणाली, की हा दगड तर त्यांच्या चुलीला होता. तीन दगडांतला एक. महिनाभर यावर त्यांच्या भाकरी भाजल्या, बुडाला बघा अजून काळा असंल.

मारोतीनं दगड आडवा केला. बूड काळं होतं.

पुढचं पंचफुलानंच सांगितलं. तिच्या दृष्टीनं त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पाल उठायच्या दिवशी त्यांच्यातल्या एका बाईला धुरानं काळवंडलेल्या दगडावर विभूतीच्या रेघा दिसल्या. बाई घाबरली. देवाच्या दगडावर आपण भाकरी भाजल्या म्हणून तिनं नवऱ्याला शिव्या घातल्या, दगड पाण्यानं धुतला, हळद लावली, नारळ फोडला आणि तो परत भरावावर रोवायला लावला. कुठं? जिथं जमीन जरा सपाट दिसली तिथं. बुंध्याशी माती चोपून, पाया पडून गेली बिचारी.

त्या बाईवर रागवावं तरी कसं? तिनं सगळं नीट केलं होतं. आणि संगप्पा तेव्हापासून दर सोमवारी एका चुलीच्या दगडाला फुलं वाहत होता, कोऱ्या मातीशी घरातल्या गोष्टी बोलत होता. नातीचं बारसं तिथंच सांगितलं होतं. सोमेशचं दुकान लागलं ते तिथंच. पलीकडं कुठंतरी, हाकेच्या अंतरावर, दानम्मा न बोलता बसून होती.

त्यानं हाताची माती झटकली. मग उठला आणि म्हणाला, गार्डाचा डबा कुठं थांबायचा ते शोधू.

आणि पळसवाडीनं असं काही केलं जे बाहेरच्यानं बघितलं असतं तर गावाला भांग पाजलीय म्हटलं असतं. संगप्पानं लोकांना भरावावर उभं केलं, डबे म्हणून. मारोती इंजिन. त्याच्यामागं एकेका डब्याच्या लांबीवर एकेक म्हातारं. पंचफुला बायकांचा डबा. सगळ्यात शेवटी, गार्डाच्या जागी, संगप्पा स्वतः. माणसं पहिल्यांदा लाजली, मग हसली, मग भांडू लागली. डबे तीन होते का चार? एक जण म्हणाला, कोळशाचं इंजिन होतं तोवर तीन. दुसरा म्हणाला, बाजाराच्या दिवशी चौथा जोडायचे. मारोती ओरडला, इंजिन टाकीपाशी थांबायचं, आधी टाकी दाखवा. टाकीचे खांब कुणी नेले ते कुणी सांगेना. बरं, फलाटाच्या टोकावरून मोजावं, तर फलाट कुठं होता? फलाटाचे दगड कुठं गेले याचं उत्तर सगळ्यांच्या उंबऱ्याखाली होतं. संगप्पाच्या दुकानाची पायरीसुद्धा त्यातलीच. लातूरहून परत आल्यावर त्यानंच मागून घेतली होती, आठवण म्हणून.

मारोती पुढं सरकला की सगळी गाडी पुढं सरकायची. “मागं घ्या, मागं घ्या,” म्हणत म्हातारी माणसं मागं यायची. पंचफुला म्हणाली, इंजिनाला दम लागलाय, बसू द्या जरा. सगळे हसले. संगप्पाही हसला. आणि हसता हसता त्याच्या ध्यानात आलं की प्रत्येक वेळी त्याची जागा वेगळी येते आहे. ज्या जागेसाठी त्यानं गाडी मागितली, नवस बोलला, कोट झिजवला, ती जागा फक्त गाडीलाच माहीत होती.

तरी खणलं. अमावस्येपर्यंत रोज खणलं. भराव चाळणीसारखा झाला. एके ठिकाणी माती भुसभुशीत लागली तसा मारोतीनं टिकाव टाकून हातानं उकरायला घेतलं. निघाला भंगारवाल्यांनी पुरलेला कचरा. मारोती खाली मान घालून कितीतरी वेळ तो कचरा चिवडत बसला, वर बघायला नको म्हणून. सोमेश दोनदा आला, दोनदा गेला. शेवटच्या दिवशी तो बापाजवळ बसून म्हणाला, बस झालं आप्पा, तुमचा जीव जाईल. संगप्पा म्हणाला, “गेला तर मला तरी नीट खूण करून ठेव.”

ज्योत्स्नानं शब्द पाळला. अमावस्या झाली आणि मशीन आलं. जेसीबीवर प्रीतम नावाचा पोरसवदा ड्रायव्हर होता, अहमदपूरचा. संगप्पा खुर्ची टाकून भरावासमोर बसला, कोट घालून. उन्हाळ्याचे दिवस, कोट कशाला म्हणून कुणी विचारलं नाही. त्यानं प्रीतमला एवढंच सांगितलं, बाळा, हळू चालव आणि माती बघत जा. प्रीतम बघत गेला. एकेक बकेट वर उचलली की क्षणभर थांबवायचा, संगप्पाकडं बघायचा. संगप्पानं मान हलवली की टिपरमध्ये टाकायचा. फोनवर त्याला शिव्या बसत होत्या, टिपरची रांग लागली होती. त्यानं फोन सीटखाली टाकला. मुरूम लाल, कोरडा, सगळा सारखा. एखाद्या बकेटमध्ये रंग जरा वेगळा वाटायचा. संगप्पा उठायचा, जवळ जायचा, माती हातात घ्यायचा, हुंगायचा आणि परत येऊन बसायचा. इतक्या वर्षांत मातीत राहिलेलं माणूस मातीसारखंच दिसणार, हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

दिवस कलला तेव्हा समोर काही नव्हतं. ज्या भरावामुळं दुकानातून कधी पलीकडचं रान दिसलं नव्हतं, ते सगळं रान सपाट उघडं पडलं होतं. शेवटचा टिपर धूळ उडवत गेला. प्रीतम खाली उतरला, काहीतरी बोलायला म्हणून जवळ आला, आणि नुसता पाया पडून गेला.

मारोतीला गप्प बसवत नव्हतं. तो खुर्चीशेजारी जमिनीवर टेकला आणि समजूत घालू लागला. म्हणाला, आप्पा, असं बघ, माती कुठं चाललीय? धानोरीला. म्हणजे वैनी कुठं गेली? माहेरी. लहानपणी खेळली त्या रानात. वरून गाडी जाईल, तिला आधी कळंल. तिला पाहिजे होतं तेच झालं का न्हाई?



“माहेरी गेलेली बाई परत येती, मारोती,” संगप्पा धुळीकडं बघत म्हणाला.



दगड तिथंच आडवा पडला होता. दुसऱ्या दिवशी पंचफुला दबकत दबकत विचारायला आली, याचं काय करायचं म्हणून. संगप्पा म्हणाला, घेऊन जा, चुलीला लाव. तेवढंच एक काम त्यानं इमानानं केलंय.

मग एका सोमवारी त्यानं सकाळी उठून स्वतः धपाटे थापले. जाड झाले, एक करपला. खुंटीवरून लाल काठाचं फडकं काढलं. बारकीच्या शेवटच्या दिवसापासून धुऊन घडी घालून ठेवलेलं, धानोरीला परत करायचं राहिलेलं. त्यात धपाटे बांधले, वर परसातली दोन झेंडूची फुलं ठेवली आणि एस्टीनं औशाला गेला. दुसऱ्या एस्टीला उशीर झाला. फाट्यावर उतरून चालत धानोरीला पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

अव्वाचं घर बंद होतं, दाराला गवत आलं होतं. गावामागं नवा भराव पडला होता. घरापेक्षा उंच. या टोकाला उभं राहून त्याचं ते टोक दिसत नव्हतं. वरून रोलर फिरत होता, माती दाबत होता. पळसवाडीची माती कुठली, दुसऱ्या गावांची कुठली, काही वेगळं उरलं नव्हतं. संगप्पा पायथ्याशी उभा राहिला. मग नकळत त्यानं फडकं धरलेला हात वर केला, दानम्मा करायची तसा. थोडा वेळ तो हात तसाच होता. वरून एका मजुरानं बघितलं आणि ओरडून विचारलं, बाबा, डबा कुणाचाय? संगप्पानं हात खाली घेतला.

परत आला तेव्हा दुकानापुढं मारोती आणि पंचफुला वाट बघत बसले होते. त्याच्या हातात फडकं होतं, सकाळी नेलं तसंच, गाठसुद्धा न सुटलेली. उभ्या आयुष्यात ते फडकं रिकामं कधी परत आलं नव्हतं. भरलेलं तसंच माघारी यायची ही पहिली वेळ.

पंचफुलानं विचारलं, दिलं न्हाई का कुणाला?

संगप्पा पायरीवर बसला, फलाटाच्या दगडावर, आणि फडकं मांडीवर ठेवलं.

“घ्यायला कुणी आलं न्हाई,” तो म्हणाला.